उखडलेल्या माणसाची नोंद

वाचकहो, क्षणभर अशी कल्पना करा की, तुमच्या मालकीची वीस एकर जमीन आहे. तिला कालव्याचे पाणी आहे, बांधावर तुमच्या आजोबांनी लावलेली झाडे आहेत आणि गावच्या दप्तरात तुमच्या नावाची नोंद आहे. एके दिवशी सायंकाळी निरोप येतो की, पहाटेच्या आत गाव सोडावयाचे. बैलगाडीत माणसे बसवावयाची की धान्याची पोती चढवावयाची, ह्याचा विचार करता करता रात्र सरते आणि कागदपत्रांची पेटी कोणाच्याच ध्यानात राहत नाही. पुढे कित्येक दिवसांच्या पायपिटीनंतर तुम्ही एका तंबूपुढे रांगेत उभे राहता. आत बसलेला कारकून मान वर न करता विचारतो, "जमीन किती होती?" तुम्ही सांगता, "वीस एकर." त्याचा दुसरा प्रश्न असतो, "कशावरून?"

१९४८ साली पूर्व पंजाबात लक्षावधी शेतकऱ्यांपुढे हा दुसरा प्रश्न उभा राहिला. त्यांचे दप्तर सीमेपलीकडे राहिले होते. ज्या पटवाऱ्याने, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याने, ते लिहिले, तोही बहुधा पलीकडेच होता. प्रत्येकाच्या हाती पुरावा म्हणून उरली होती ती केवळ आठवण.

स्थलांतरित आणि निर्वासित यांचा अभ्यास ही आज जगातील विद्यापीठांत मान्यता पावलेली ज्ञानशाखा आहे. ऑक्सफर्ड येथे बार्बरा हॅरेल-बाँड ह्या विदुषीने १९८२ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र केंद्र उभारले. आपल्याकडे कलकत्ता रिसर्च ग्रुप हे अभ्यासमंडळ १९९६ पासून हेच कार्य करीत आले आहे. तथापि भारतात ह्या अभ्यासाचा आरंभ ग्रंथालयात झाला नाही. तो छावणीतल्या तंबूत, शिरगणतीच्या तक्त्यावर आणि रेल्वेच्या फलाटावर झाला. प्रश्न विचारणारे कारकून आणि गणक हेच त्याचे पहिले संशोधक. त्यांनी कोणता प्रश्न विचारला आणि कोणता विचारला नाही, ह्यावर लक्षावधी कुटुंबांचे पुढील आयुष्य ठरले. त्या प्रश्नांचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अनुवादाचे काम करणाऱ्यास ह्या विषयात शिरताच पहिली ठेच लागते ती शब्दाची. सरकारी इंग्रजी कागदांत 'डिस्प्लेस्ड पर्सन' असा शब्द येतो. त्याला मराठीत काय म्हणावे? आपल्याकडे 'निर्वासित' हा शब्द रूढ आहे. ज्याचा वास कोणी काढून घेतला, तो निर्वासित. अलीकडे धरणग्रस्तांच्या संदर्भात 'विस्थापित' हा शब्द अधिक ऐकू येतो. हिंदीत 'शरणार्थी' म्हणत, परंतु पंजाबातून आलेल्या पुष्कळांना तो शब्द रुचत नसे. आम्ही कोणापाशी शरण मागावयास आलेलो नाही, असे सांगून ते स्वतःस 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. बंगालीत 'उद्वास्तु' आणि 'वास्तुहारा' असे दोन शब्द आहेत आणि दोहोंतही घराचा पाया, ज्या भूमीवर कुलदेवतेची पूजा होते ती वास्तू, ध्वनित होते. एकच माणूस एका भाषेत याचक ठरतो, दुसरीत वास्तू हरवलेला गृहस्थ. ह्यात केवळ कोशकारांची करमणूक आहे असे कोणी समजू नये. पुढे बंगालमध्ये सरकार व निर्वासित यांच्यात जो दीर्घ वाद माजला, त्याचे मूळ हेच होते. मदत देणारा तिला दया मानीत होता आणि घेणारा हक्क.

शब्दानंतर येते ती तारीख. १९५१ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र भारताची पहिली शिरगणती झाली. तिच्या प्रश्नावलीत निर्वासितांविषयी एक स्वतंत्र प्रश्न होता. कोणास निर्वासित म्हणावयाचे, ह्याची व्याख्याही गणकांस दिली होती. दंगलींमुळे किंवा दंगलींच्या भयाने, अथवा फाळणीमुळे, ज्यांनी पश्चिम पाकिस्तानातील घर १ मार्च १९४७ रोजी वा त्यानंतर सोडले, किंवा पूर्व पाकिस्तानातील घर १५ ऑक्टोबर १९४६ रोजी वा त्यानंतर सोडले, ते निर्वासित. ह्या दोन तारखा कोठून आल्या, हे इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीच्या परिसरात आगडोंब उसळला होता आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये नोआखालीत. ह्या व्याख्येनुसार मोजलेल्या निर्वासितांची संख्या बहात्तर लाखांहून अधिक भरली. त्यांतील साधारण दोनतृतीयांश पश्चिमेकडून व एकतृतीयांश पूर्वेकडून आलेले होते. त्या आधी कोणी भयाने घर सोडले असेल तर गणकाच्या लेखी तो साधा स्थलांतरित होता.

आता पुन्हा पंजाबच्या त्या तंबूकडे वळू. त्यातील कामकाज हा आपल्या देशातील धोरणविषयक संशोधनाचा एक विलक्षण नमुना आहे आणि तो थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे.

जालंधर येथे पुनर्वसन खात्याचे कार्यालय होते आणि त्याच्याभोवती तंबूंचे एक नगरच उभे राहिले होते. खात्याचे महासंचालक होते तरलोक सिंग. लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात शिकलेला हा सनदी अधिकारी पुढे नियोजन मंडळावर गेला. त्यांच्यानंतर ते पद सांभाळणाऱ्या मोहिंदर सिंग रंधावा यांनी १९५४ मध्ये ह्या कार्याचा इतिहास लिहिला, आणि स्वतः तरलोक सिंग यांनी १९५२ मध्ये जमीनवाटपाची एक नियमपुस्तिका सिद्ध केली. नियमपुस्तिका म्हटली की ती रूक्ष असावयाचीच. पण हिच्यातील आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले की, त्यांच्यामागे उभी असलेली माणसे दिसू लागतात.

आरंभी फार विचार करावयास वेळ नव्हता. शेते ओस पडली होती आणि पेरणीचा हंगाम दाराशी येऊन ठेपला होता. म्हणून प्रत्येक शेतकरी कुटुंबास, पलीकडे त्याची जमीन किती होती ह्याची चौकशी न करता, सरसकट दहा एकरांच्या आसपास जमीन तात्पुरती कसावयास देण्यात आली आणि बी-बियाणे व अवजारे यांसाठी कर्ज दिले गेले. कायमचे वाटप करावयाची वेळ आली तेव्हा मात्र खरी अडचण पुढे आली. हिंदू व शीख मालकांनी पश्चिम पंजाबात सोडलेली जमीन सुमारे सदुसष्ट लाख एकर होती. पूर्व पंजाबातून गेलेल्या मुसलमानांनी मागे ठेवलेली जमीन सुमारे सत्तेचाळीस लाख एकर. वीस लाख एकरांची तूट तर होतीच, पण खरी तूट त्याहून मोठी होती. लायलपूर, माँटगोमेरी, सरगोधा ह्या कालव्यांच्या मुलखातील ओलिताची जमीन आणि हिसारकडील कोरडवाहू माळ यांना एकाच मापाने कसे मोजावयाचे?

ह्यावर तोडगा म्हणून एक नवे माप निर्माण करण्यात आले. आपण त्यास 'प्रमाण एकर' म्हणू. ज्या एकरात दहा-अकरा मण धान्य पिकते, त्याची किंमत सोळा आणे धरावयाची आणि सोळा आण्यांचा एक प्रमाण एकर मानावयाचा. कालव्याखालची उत्तम जमीन असेल तर एक एकर म्हणजेच एक प्रमाण एकर. कोरड्या जिल्ह्यांत मात्र चार एकर मिळून एक प्रमाण एकर होई. 'सोळा आणे खरे' असे आपण सहज बोलतो. येथे मातीचाच खरेपणा आण्यांत मोजला गेला. ह्या मापाने हिशेब केला तेव्हा असे दिसून आले की, पलीकडे राहिले होते सुमारे एकोणचाळीस लाख प्रमाण एकर आणि अलीकडे उपलब्ध होते चोवीस लाखांच्या आसपास.

ही तूट सर्वांनी सारखी सोसावी काय? सारखी सोसावी असे म्हणणे वरकरणी न्याय्य वाटते. पण शंभर एकरवाल्याचे चाळीस एकर गेले आणि पाच एकरवाल्याचे दोन एकर गेले, तर दोघांचे नुकसान सारखे झाले असे कोणता शेतकरी म्हणेल? म्हणून 'चढती कपात' ठरविण्यात आली. पहिल्या दहा प्रमाण एकरांवर शेकडा पंचवीस, त्यापुढील तीस एकरांपर्यंत शेकडा तीस, अशी ती वाढत वाढत पाचशे एकरांपलीकडील मालकीवर शेकडा पंच्याण्णवपर्यंत जाई. आरंभी कल्पिलेली तुमची वीस एकर जमीन घ्या. ती कालव्याखालची, म्हणून वीस प्रमाण एकर. पहिल्या दहांचे उरले साडेसात, पुढच्या दहांचे सात. एकूण साडेचौदा प्रमाण एकर तुमच्या वाट्यास आले. ते जर कोरड्या जिल्ह्यात मिळाले तर कागदावर अठ्ठावन्न एकर दिसतील आणि पाऊस न पडला तर त्या अठ्ठावन्नांत काही पिकणार नाही. दुसऱ्या टोकास, पस्तीस गावांत मिळून साडेअकरा हजार एकरांची मालकी असलेल्या एका विधवा जमीनदारणीस कर्नाल जिल्ह्यातील एकाच गावी आठशे पस्तीस एकर मिळाले. सर्वांत मोठे नुकसान तिचे झाले, असे नमूद आहे.

परंतु हे सारे गणित उभे होते ते दाव्याच्या खरेपणावर. आणि 'कशावरून' हा प्रश्न तसाच उभा होता. १९४८ च्या मार्चमध्ये दावे मागविले गेले आणि महिन्याभरात पाच लाखांहून अधिक अर्ज आले. पश्चिम पंजाबाशी बोलणी होऊन जमाबंदीच्या नकलांची देवाणघेवाण झाली खरी. पण तत्पूर्वी जो उपाय योजला गेला, तो आम्हांस आजही मोठा सूज्ञपणाचा वाटतो. एकाच गावातून आलेल्या लोकांना शोधून एकत्र बसविण्यात येई. त्या उघड्या सभेत अधिकारी एकेक दावा मोठ्याने वाचून दाखवी आणि जुने गावकरी तो मान्य करीत, दुरुस्त करीत किंवा फेटाळीत. ज्यांच्या शेताला शेत लागून होते, ज्यांच्याशी पाण्याच्या पाळीवरून भांडणे झाली होती, तेच आता साक्षीदार आणि तेच परीक्षक. गाव सीमेपलीकडे राहिले होते, पण त्याचे दप्तर असे माणसांच्या तोंडून पुन्हा लिहिले गेले. अतिशयोक्ती झाली नाही असे नव्हे. ह्या कामाशी निकटचा संबंध असलेल्या एका अधिकाऱ्याच्या अंदाजाने दावे एकंदरीत शेकडा पंचवीसने फुगलेले होते. लबाडी उघडकीस आली की वाट्यातील जमीन कमी होई, क्वचित तुरुंगाची हवाही खावी लागे. सात हजारांच्या आसपास कर्मचारी ह्या कामी राबत होते आणि नोव्हेंबर १९४९ पर्यंत अडीच लाख वाटपे पुरी झाली.

इतक्या अल्पावधीत इतके मोठे काम झाल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही, आणि त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. मात्र त्या सभेत कोण बोलावले गेले नव्हते, हेही पाहिले पाहिजे. प्रश्न होता, "जमीन किती होती?" ज्याची जमीन नव्हतीच, जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, त्याच्यापाशी ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. सरसकट दहा एकरांच्या काळात अशा कित्येकांस जमीन मिळाली होती. मालकी हा कायमच्या वाटपाचा पाया ठरताच ती हातची गेली. आणि छावणीच्या दारातच अडलेले लोक तर आणखी निराळे. १८ डिसेंबर १९४७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पंडित नेहरूंना एक पत्र लिहिले. पूर्व पंजाबात आलेले अस्पृश्य निर्वासित सरकारी छावण्यांत राहत नाहीत, कारण तेथील अधिकारी त्यांना भेदभावाने वागवितात; आणि शिधा व वस्त्रे तर केवळ छावणीत राहणाऱ्यांसच द्यावीत असा नियम असल्यामुळे ह्या लोकांस काहीच मदत मिळत नाही, अशी तक्रार त्या पत्रात होती. नियमात कोठेही जातीचा उल्लेख नव्हता. छावणीतल्या माणसास मदत द्यावी, एवढाच तो साधा नियम. पुढे २००७ साली रविंदर कौर ह्या विदुषीने दिल्लीतील पंजाबी निर्वासितांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दलित निर्वासितांची हकीकत स्वतंत्रपणे आली आहे. साठ वर्षांनंतर का होईना, ती लिहिली गेली.

स्त्रियांच्या बाबतीत तर कायद्यानेच प्रश्न टाळला. दंगलींत पळविल्या गेलेल्या स्त्रियांना शोधून आपापल्या देशी पोहोचविण्याचा करार दोन्ही सरकारांनी केला होता आणि १९४९ मध्ये आपल्या संसदेने त्याविषयी कायदा केला. त्यातही तीच तारीख आहे, १ मार्च १९४७. त्या दिवसानंतर कुटुंबापासून दुरावलेली आणि अन्य समाजातील माणसाच्या घरी आढळलेली स्त्री, मग तिचे वय काहीही असो, पळविलेली समजावी, अशी व्याख्या होती. तिची इच्छा काय आहे, हे विचारण्याचे बंधन कोणावर नव्हते. ह्या मोहिमेत दोन्ही देशांत मिळून सुमारे तीस हजार स्त्रिया परत आणल्या गेल्या. पुष्कळजणींची त्यामुळे सुटका झाली, ह्यात संशय नाही. काहीजणी मात्र, एव्हाना मुलेबाळे होऊन घरात रुळलेल्या, दुसऱ्यांदा उखडल्या गेल्या. मृदुला साराभाई यांच्याबरोबर लाहोरात काम केलेल्या कमलाबेन पटेल यांनी आपल्या ह्या अनुभवांवर गुजरातीत पुस्तक लिहिले. उर्वशी बुटालिया यांचा ग्रंथ, आणि रितू मेनन व कमला भसीन यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ, हे दोन्ही १९९८ चे. त्या लेखिका म्हाताऱ्या झालेल्या स्त्रियांच्या पायाशी जाऊन बसल्या आणि पन्नास वर्षांपूर्वी न विचारलेले प्रश्न त्यांनी विचारले.

महाराष्ट्रातील वाचकांना निर्वासित म्हटले की प्रथम आठवतात ते सिंधी बांधव. त्यांची गोष्ट पंजाबहून वेगळी, कारण सिंध सबंध पलीकडे गेला. अर्धा प्रांत अलीकडे राहून जमिनीची अदलाबदल व्हावी, अशी सोयच नव्हती. कल्याणजवळ महायुद्धाच्या काळातील लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, तेथे त्यांना आणून ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथील नव्या नगराची कोनशिला बसविली गेली आणि त्याचे नाव उल्हासनगर पडले. आम्ही मध्य रेल्वेने विठ्ठलवाडीच्या पुढे गेलो की, दुकानांच्या पाट्या वाचण्याची आम्हांस खोड आहे. पत्त्यात आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असे लिहिलेले असते. छावणी उठली, पण तिचा क्रमांक टपालवाल्याने जपून ठेवला. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ चं. न. वकील यांनी पेरीन कॅबिनेटमेकर यांच्या सहकार्याने सरकार व निर्वासित यांच्यातील संबंधांवर १९५६ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि पुण्याजवळ पिंपरीच्या सिंधी वसाहतीचा अभ्यास व्हिक्टर बर्नाउ ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने केला. तेथील बांधवांनी व्यापारात जो जम बसविला, त्याचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही. ते आपण बाजारात रोज पाहतो.

बंगालकडे वळले म्हणजे मात्र सारे चित्रच पालटते. पंजाबातील स्थलांतर काही महिन्यांत संपले. बंगालमधील लोंढा कधी ओसरे, कधी पुन्हा येई. १९४६ ची नोआखाली, १९५० च्या दंगली, ऑक्टोबर १९५२ मध्ये पारपत्राची पद्धत सुरू होण्यापूर्वीची घाई, १९६४ ची दंगल, अशा एकामागून एक लाटा येत राहिल्या. दिल्लीची समजूत अशी की, तिकडे शांतता नांदली की हे लोक परत जातील. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराचा हेतूही तोच होता. परिणामी मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देणारा १९५४ चा कायदा केवळ पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना लागू झाला. पूर्वेकडून आलेल्यास, "तुझे काय राहिले?" असे कोणी विचारलेच नाही. त्याला विचारले गेले, "तू कधी आलास?" पश्चिम बंगाल सरकारने आरंभी २५ जून १९४८ पर्यंत आलेल्यांचीच निर्वासित म्हणून नोंद करावयाचे ठरविले होते. जोया चटर्जी ह्या इतिहासकार विदुषीने ह्या व्याख्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. तो वाचताना पानोपानी असे जाणवते की, ज्यांना मदत द्यावयाची त्यांची संख्या आवाक्यात राहावी, ह्या चिंतेतूनच व्याख्या घडत होत्या.

छावणीत जे घेतले गेले, त्यांचेही वर्ग पाडले गेले. धडधाकट पुरुष असलेली कुटुंबे पुनर्वसनास योग्य ठरली. वृद्ध, अपंग आणि घरी कर्ता पुरुष नसलेल्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळा शिक्का होता. त्याचे मराठी रूप 'कायमचा बोजा' असे करावे लागते. हे शब्द लिहिताना आमची लेखणी क्षणभर अडखळली, परंतु मूळ इंग्रजी शब्दही काही कमी कठोर नव्हते. भद्रकाली, बांसबेडिया, धुबुलिया अशा ठिकाणी ह्या वर्गासाठी छावण्या होत्या आणि कित्येकांची सबंध हयात त्यांतच गेली. नवरा गमावलेली तिशीतली बाई कष्ट करून मुले वाढवू शकते, हे आपल्या देशातील कोणत्याही गावात डोळ्यांनी दिसत असता तक्त्यात मात्र तिच्यासाठी रकाना नव्हता.

उलट ज्यांना कोणी काही दिले नाही, त्यांनी कलकत्त्याच्या दक्षिणेस पडीक जागांवर रातोरात होगल्याच्या पानांच्या झोपड्या उभारल्या. पोलीस वा जमीनदाराची माणसे येताना दिसली की स्त्रिया शंख फुंकीत आणि सारी वस्ती धावून येई. विजयगड, आझादगड अशी बाणेदार नावे घेतलेल्या ह्या वसाहतींपैकी आरंभीच्या एकशे एकोणपन्नास वसाहती पुढे सरकारी यादीत गणल्या गेल्या. त्यांनी शाळा काढल्या, रस्ते आखले. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे संस्थापक डॉ. बिरजाशंकर गुहा यांनी युनेस्कोच्या साहाय्याने निर्वासितांच्या मनांतील ताणांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्यांनी दोन ठिकाणे मुद्दाम निवडली: लोकांनी आपल्या बळावर वसविलेले आझादगड आणि हुगळी जिल्ह्यातील जिराट येथील सरकारी वसाहत. १९५९ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. स्वतः वसलेला माणूस आणि वसविला गेलेला माणूस यांना शेजारी-शेजारी ठेवून पाहिले पाहिजे, हे त्या निवडीतच त्यांनी सांगून टाकले होते.

हे वेळीच ऐकले गेले असते तर दंडकारण्याची कहाणी कदाचित वेगळी झाली असती. १९५८ मध्ये बस्तर व कोरापुट भागांत बंगालच्या छावण्यांतील शेतकऱ्यांसाठी मोठी वसाहत योजना सुरू झाली. हे बहुतेक नमःशूद्र समाजाचे, पाणथळ भूमीत भात पिकविणारे आणि नदीनाल्यांत होडी चालविणारे लोक. त्यांना उंचसखल, दगडाळ, पाण्याला महाग अशा रानात नेण्यात आले. ह्या योजनेचे प्रमुख राहिलेले शैबालकुमार गुप्त ह्यांनी १९६४ मध्ये पद सोडले आणि १९६५ च्या जानेवारीत मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक वीकली' ह्या साप्ताहिकात लेखमाला लिहून आपली निरीक्षणे मांडली. जमीन वाटण्यापूर्वी मातीची पाहणी पुरेशी झालेली नव्हती, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पंजाबात आण्या-आण्याने माती तोलणाऱ्या देशात दहा वर्षांच्या आत असे व्हावे, ह्याचे वाचताना नवल वाटते. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरीचझांपी बेटाकडे निघून गेली. तेथे त्यांनी वस्ती केली, आणि १९७९ मध्ये ती बळाने उठविण्यात आली. त्यात माणसे मेली. ज्यांनी ती योजना कधीच सोडली नाही, त्यांचेही बरेवाईट संसार उभे राहिले. तत्कालीन चांदा जिल्ह्यातही काही बंगाली कुटुंबे वसविली गेली होती. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी, मुलचेरा ह्या भागांत गेलात तर त्यांची गावे दिसतील.

ह्या साऱ्या अभ्यासांतून एक गोष्ट पुनःपुन्हा वर येते, आणि ती आकड्यांची नाही. स्टीफन केलर ह्या अमेरिकन अभ्यासकाने पंजाबी निर्वासितांविषयी १९७५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदविले आहे की, सर्वस्व गमावूनही जिवंत राहिलेल्या माणसाच्या ठायी, आता ह्याहून वाईट काय होणार, अशी एक निर्भयता येते आणि नवे बी, नवा धंदा, नवे गाव पत्करण्यास तो इतरांहून लवकर धजावतो. दयेच्या दृष्टीने पाहणाऱ्यास हा गुण दिसणे कठीण. 'पुरुषार्थी' म्हणवून घेणाऱ्यांना तो आपल्यात आहे हे कोणी सांगावयाची गरज भासली नव्हती. असे असले तरी ही निर्भयता सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही, हेही खरे. ज्याला पहिल्या दिवशी दहा एकर मिळाले आणि जिला 'कायमचा बोजा' असा शिक्का मिळाला, त्या दोघांच्या धैर्याची तुलना करणारे आम्ही कोण?

वाचकहो, ही पिढी आता झपाट्याने ओसरत आहे. १९४७ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. २०१० नंतर ह्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची एक मोठी खटपट सुरू झाली. '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' ह्या नावाने चाललेल्या त्या उपक्रमात दहा हजारांहून अधिक मुलाखती जमल्या आहेत, आणि २०१७ मध्ये अमृतसर येथे फाळणीचे संग्रहालयही उघडले आहे. परंतु प्रत्येक घरी कोणी ध्वनिमुद्रक घेऊन येईलच असे नाही. आपल्या कुटुंबात, शेजारी किंवा ओळखीत असे कोणी वडीलधारे असतील, मग ते सिंधहून आलेले असोत, लाहोरहून असोत की ढाक्याहून, तर एखाद्या दुपारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. तारखा विचारण्याची घाई करू नये. त्या बहुधा चुकतात, आणि चुकल्या की म्हातारी माणसे संकोचून गप्प होतात. घराचे दार कोणत्या दिशेला होते, पाणी कोठून भरीत, पहाटे निघताना कोणती वस्तू उचलली आणि कोणती राहिली, हे विचारावे. शेत असेल तर त्याच्या पूर्वेस कोणाचे शेत होते, तेही विचारावे. हे शेवटचे उत्तर बहुतेकांना चटकन येते. शेजाऱ्याचे नाव, त्याच्या बैलांचा रंग आणि त्याच्याशी बांधावरून झालेले भांडण, हे सगळे एका दमात सांगून होते, आणि मग वही बाजूस ठेवून नुसते ऐकत बसावे लागते.